दगडावरचा तांदूळ

तू काय काम करतेस, असं कोणी विचारलं की मुनिबा सरळ "दगड धुते" असं सांगून मोकळी व्हायची. शारजातल्या रोल्ला भागात तिच्या इमारतीतल्या शेजारणींना ते पटायचं नाही. बी.एस्सी. झालेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी, गळ्यात संस्थेचं कार्ड अडकवून सकाळी गाडीत बसणारी बाई दगड कशाला धुईल? मग मूड बरा असला तर मुनिबा समजावून सांगायची. तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या डोंगरपायथ्याला माणसं राहत होती. त्यांचे दळायचे पाटे जमिनीतून उकरून काढलेत. पाट्याच्या खळग्यांत तेव्हाच्या धान्याचे डोळ्यांना न दिसणारे कण अजून अडकलेले असतात. ते धुवून काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं, की ती माणसं काय खात होती. शेजारीण सगळं नीट ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "म्हणजे दगडच धुतेस ना?"

तिचंही काही चुकत नव्हतं. काम धुण्याचंच होतं, पण फार निगुतीचं. पाटा शुद्ध पाण्यात बुडवायचा आणि ध्वनिलहरींचं यंत्र चालू करायचं. त्या थरथरीनं खळग्यांतला गाळ सुटून पाण्यात उतरतो. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर खास प्रकाश सोडला, की पिठाचा प्रत्येक कण अंधारात उजळतो आणि त्याच्यावर एक काळी फुली दिसते. जवाचा कण मोठा आणि गोलसर. तांदळाचा चिमुकला, कोनाकोनाचा, एकमेकांना बिलगून बसलेला. धान्य शिजलं की कण फुगतात आणि फुली विरून जाते. कच्च्या पिठाच्या कणावर मात्र ती हजारो वर्षं टिकते. मुनिबाला पहिल्यांदा तो कण दिसला तेव्हा ती घरी येऊन जेवायचं विसरली होती.

हे काम तिला दिलं अपर्णा मॅडमनी. मुनिबा त्या संस्थेत लागली होती रिसेप्शनवर, फोन घ्यायला. अपर्णा मॅडम तिथल्या वनस्पती-अवशेषांच्या तज्ज्ञ. राहायला दुबईत अल बर्शाला, स्वभावानं तापट, मनानं मोकळ्या आणि मराठी बोलायला कोणी मिळालं की सुटणाऱ्या. एकदा त्यांची मदतनीस काम सोडून गेली आणि त्यांनी मुनिबाला काचपट्ट्या पुसायला आत बोलावलं. मुनिबानं एकही पट्टी डागाळू दिली नाही. त्या दिवसानंतर ती रिसेप्शनवर परत गेली नाही. मॅडम पाहुण्यांना तिची ओळख करून देताना म्हणायच्या, "माझ्यापेक्षा हिच्या हातांवर माझा जास्त विश्वास आहे." मुनिबा तेवढ्यावर महिनाभर खूश असायची.

या कामातली सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे आजचं पीठ. ते कुठूनही येतं. सँडविचच्या पावातून, बिस्किटातून, अगदी रबरी हातमोज्यांतल्या पुडीतूनही. म्हणून लॅबमध्ये खाण्याला सक्त मनाई होती, हातमोजेही बिनपुडीचे. शिवाय दर आठवड्याला चार ठिकाणी ओल्या काचपट्ट्या उघड्या ठेवून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तपासायच्या. हवेतून काही पडत असेल तर त्यावर पडणारच. या पट्ट्यांना त्या दोघी सापळे म्हणत.

गेल्या वर्षी रमजान लागला तेव्हा सापळे लावायचा दिवस आला आणि मुनिबाच म्हणाली, "मॅडम, या महिन्यात सापळे राहू देत ना. कोणी खातच नाही, तर पडणार काय?"

अपर्णा मॅडम स्वतः रोजे धरत नसत, पण त्या महिन्यात पाणीसुद्धा आपल्या केबिनचं दार लावून पीत. त्यांना ते लगेच पटलं. "खरंच की. वर्षातली सगळ्यात क्लीन लॅब आत्ताच असणार. यल्ला, चल, मोठे पाटे याच महिन्यात काढून टाकू."

दोघी शहाण्या, दोघी कामाच्या पक्क्या. पण काही गोष्टी इतक्या उघड बरोबर वाटतात की त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघावंसं कोणालाच वाटत नाही. महिनाभर सापळे कपाटात पडून राहिले.

आणि त्याच महिन्यात तांदूळ सापडला. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता मॅडमनी हाक मारली, "मुनिबा, इकडे ये. मी बघतेय तेच तू बघतेस का सांग." मुनिबानं बघितलं. चिमुकले, कोनाकोनाचे, घोळक्यानं बसलेले कण, प्रत्येकावर काळी फुली.

"तांदूळ आहे, मॅडम."

"या वाळवंटात? तीन हजार वर्षांपूर्वी?" मॅडम उठून उभ्या राहिल्या, परत बसल्या. "इथं पिकणं शक्य नाही. म्हणजे जहाजानं आला. तुमच्या कोकणातल्या हर्णैसारख्या कुठल्या तरी बंदरातून आला असेल, बाई!"

तांदळाच्या टरफलातही काचेसारखे सूक्ष्म कण असतात, ते मात्र त्या गाळात एकही मिळाले नाहीत. मुनिबानं ते दाखवूनही दिलं. मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, कांडलेला तांदूळ जहाजात भरला असेल, टरफल तिकडेच राहिलं. हेही पटण्यासारखं होतं. त्यांनी निबंध लिहून मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला, दुबईत व्याख्यान दिलं आणि त्या शोधाच्या जोरावर प्रकल्पाला आणखी मुदतही मिळाली.

व्याख्यानाला मुनिबाचे वडील आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. त्यांचं नाव खैरुद्दीन, पण अख्खं रोल्ला त्यांना खैरुद्दीनचाचा म्हणायचं. हर्णैहून मिसरूड फुटायच्या वयात ते शारजाला आले. आधी खाडीवर लाँचमधला माल उतरवला, मग उरलेली सगळी हयात एका किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी उभं राहून काढली. अर्ध्या मोहल्ल्याची पोरं त्यांच्या हातची लिमलेटची गोळी खाऊन मोठी झाली. दुकान बंद झालं, बायको शहरबानू गेली, आणि ते मुनिबाच्या व्हिसावर तिच्याच घरी राहायला आले. जावई मुझम्मिल जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्यामुळे घरात मुनिबा, तिची शाळेत जाणारी मुलगी नबिला आणि चाचा असे तिघेच असत.

चाचांना एकाच प्रश्नाचा राग होता. "परत कधी जाणार?" इथं हा प्रश्न ज्याला त्याला विचारतात, विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण चाचांना तो लागायचा. केस पिकले, गुडघे गेले, बायकोला इथल्या मातीत ठेवलं, तरी आपण पाहुणेच. ते बोलून दाखवत नसत, फक्त त्या माणसाला त्या दिवशी गोळी मिळायची नाही.

अशा माणसानं मोठ्या पडद्यावर तांदळाचे उजळलेले कण बघितले आणि मॅडमच्या तोंडून कोकण किनाऱ्याचं नाव ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना आवरणं कठीण झालं. मुनिबाकडून फोटो मोबाइलवर घेतला आणि दुकानोदुकानी दाखवत सुटले. "कोण म्हणतो रे आपण काल आलो? आपला तांदूळ तीन हजार वर्षांपूर्वी उतरलाय इथं. तेव्हा ना हे टॉवर होते, ना हा व्हिसा!" न्हाव्यापासून फळवाल्यापर्यंत सगळ्यांना ते पाठ झालं. मोहल्ल्यातली माणसंही खूश झाली. खोटं कशाला बोला, मुनिबाही खूश होती. अब्बा मान वर करून चालताना तिनं आधी कधी बघितले नव्हते.

यंदाचा रमजान आला तो चाचांचा इथला शेवटचा. गुडघ्यांनी पार हात टेकले होते. ईद झाली की हर्णैला भावाकडे कायमचं जायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. गाववाल्यांच्या मंडळानं गुरुवारी मोठी इफ्तारी ठेवली, त्यात चाचांचा सत्कार होता. मंडळाचे अध्यक्ष मोहिद्दीनभाई, रोल्लातलं कापडाचं दुकान त्यांचं, घरी येऊन सांगून गेले, "चाचा, त्या दिवशी तांदळाची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायची. पोरांना कळू दे आपण कोण आहोत." चाचा रोज आरशासमोर उभे राहून भाषण घोकायला लागले.

त्याच आठवड्याच्या सुरुवातीला नियतकालिकाचा निरोप आला. निबंध उत्तम आहे, फक्त पाटे धुतले त्या महिन्यातले सापळे काय सांगतात, तेवढं कळवा. अपर्णा मॅडम मुनिबाच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"लावलेच नव्हते," मुनिबा म्हणाली.

"माहितीये. पण आत्ताही रमजान आहे, लॅब तीच, माणसं तीच. चार सापळे लाव. झीरो आले की तसं लिहून टाकू, खलास."

मुनिबानं सापळे लावले. एक दाराशी, एक खिडकीत, एक मॅडमच्या टेबलावर आणि एक यंत्राजवळ, जिथं ती स्वतः वाकून काम करायची. दुसऱ्या दिवशी तिनं एकेक तपासला. पहिले तीन कोरे होते. चौथ्यावर प्रकाश सोडला. चिमुकले, कोनाकोनाचे कण, प्रत्येकावर फुली.

ती खुर्चीत तशीच बसून राहिली. या खोलीत तांदूळ आणणार कोण? मग तिची नजर स्वतःच्या ओढणीकडे गेली. अंगावर लॅबचा कोट होता, केसांवर टोपी होती, पण खांद्यावरून पुढं आलेलं ओढणीचं टोक कोटाच्या बाहेर होतं. तिनं पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा त्या टोकावर दाबला, काचेवर लावला आणि बघितलं. सगळीकडे फुल्याच फुल्या होत्या.

अब्बांना पाकिटातलं पीठ चालत नसे. रोजा सोडताना तांदळाची रोटीच हवी, तीही हर्णैहून आणलेला तांदूळ इथल्या गिरणीवर दळून केलेली. गिरणीचं पीठ जाडंभरडं येतं, म्हणून रमजानमध्ये मुनिबा रोज सकाळी कामाला निघण्याआधी ते चाळून ठेवायची. एरवी रोटी सुट्टीच्या दिवशीच व्हायची आणि नंतर मुनिबा अंघोळ करायची. फक्त रमजानमध्ये ती चाळणी आपटून, ओढणीलाच हात पुसून, तशीच गाडीत बसायची. आणि फक्त रमजानमध्येच तिनं सापळे नकोत म्हटलं होतं.

पाट्यावरचा तांदूळ तीन हजार वर्षांपूर्वीचा नव्हता, तिच्या चाळणीतला होता. टरफलाचे कण मिळाले नाहीत यातही काही नवल नव्हतं, ते हर्णैच्या भातगिरणीतच राहिले होते.

मुनिबाला आधी राग आला, अब्बांच्या हट्टाचा. मग स्वतःचा. मग नुसती भीती उरली. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती गुरुवारची होती. आरशासमोर घोकलेलं ते भाषण तिला पाठ झालं होतं. काचपट्टी नळाखाली धरली असती तर दोन थेंबांत सगळं वाहून गेलं असतं. उद्यापासून पीठ रात्रीच चाळायचं, ओढणी बदलून यायचं, सापळे कोरे निघाले असते. मॅडमचं नाव झालं असतं, अब्बा मान वर करून गेले असते. तिनं पट्टी खरंच नळापर्यंत नेली.

दारातून मॅडमनी विचारलं, "क्लीन?"

"अजून बघतेय, मॅडम," मुनिबा म्हणाली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी ती पीठ चाळत होती आणि अब्बा आतून विचारत होते, की तीन हजार म्हणायचं की तीन हजारांच्या वर म्हणायचं, कुठलं जास्त शोभेल.

लॅबमध्ये पोचताच तिनं मॅडमसमोर काचपट्टी ठेवली, शेजारी ओढणीची पट्टी ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मॅडमनी दोन्ही पट्ट्या बघितल्या. परत बघितल्या. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"तू रोज चाळतेस?"

"रमजानमध्ये रोज."

"कमाल आहे," असं म्हणून मॅडम हसल्या, आणि ते हसू चेहऱ्यावर असतानाच त्यांचा आवाज चढला. "आणि सापळे नकोत असं तू म्हणालीस, मुनिबा! तू!"

"हो, मॅडम."

"आणि मी मूर्खासारखं हो म्हटलं. मी दुबईत माणसांसमोर उभी राहून तुझ्या घरच्या पिठाचे फोटो दाखवत होते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. "सगळे विचारतील ना आता, हिची आधीची कामं तरी खरी कशावरून?"

मुनिबाला वाटत होतं, मॅडमनी आणखी ओरडावं, म्हणजे त्यांचा राग तरी संपेल.

त्याच मातीतून निघालेला एक पाटा अजून बंद पिशवीत होता, कोणी हात न लावलेला. मॅडमनी तो स्वतः धुवायला घेतला. मुनिबानं सवयीनं हातमोजे उचलले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू नको. बाहेर थांब." मुनिबा दाराच्या काचेतून बघत राहिली. मॅडमना यंत्राचं बटण सापडत नव्हतं. गेली कित्येक वर्षं ते मुनिबाच दाबत होती. ती बाहेरून खूण करत होती, पण मॅडमनी दाराकडे बघितलं नाही.

त्या पाट्यावर जव निघाले, खजुरीच्या झाडाचे काचेरी कण निघाले, तांदूळ एकही निघाला नाही. मॅडमनी निबंध मागे घेत असल्याचं कळवून टाकलं. संध्याकाळी निघताना त्या मुनिबाजवळ थांबल्या. राग उतरला होता, पण नजर मुनिबाच्या चेहऱ्यापर्यंत येत नव्हती.

"तू सांगितलंस ते बरं केलंस. पण काही दिवस रिसेप्शनला बस. त्यांना तिथं कोणीतरी हवंच आहे."

"लॅबमध्ये परत कधी, मॅडम?"

"बघू. इन्शाल्ला."

मॅडम एरवी इन्शाल्ला म्हणत नसत. हा शब्द इथं कधी कधी नकार गोड करण्यासाठीही वापरतात, हे मुनिबाला लहानपणापासून माहीत होतं. गाडीत बसून ती पोटभर रडली आणि मग तोंड धुवून घरी गेली.

अब्बांना सांगणं राहिलंच. बुधवारी तिनं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा दुसरंच काही बोलली. गुरुवारी दुपारी चाचा सदऱ्याची बटणं लावत स्वयंपाकघरात आले, तेव्हा तिनं गॅस बंद केला.

"अब्बा, आज तांदळाचं बोलू नका."

"का गो? त्यासाठीच तर बोलावलंय."

"तो तांदूळ तीन हजार वर्षांचा नाही. आपल्या डब्यातला आहे. मी सकाळी चाळते ना, तो. माझ्या ओढणीवरून यंत्रात गेला. दगडावर तांदूळ नव्हताच."

चाचांचा हात शेवटच्या बटणावर थांबला. टेबलाशी गृहपाठ करणारी नबिला सगळं ऐकत होती. ती फिस्सकन हसली. "वेट, सो इट वॉज अवर आटा? नाना, दॅट्स सो फनी!"

"नबिला, आत जा," मुनिबा म्हणाली.

चाचा हळूहळू खुर्चीत बसले. गुडघा चोळत राहिले. "म्हणजे आपली माणसं तेव्हा आलीच नव्हती?"

"आली असतील, नसतीलही. त्या दगडांवरून नाही कळत, अब्बा."

"मॅडमना ठाऊक आहे?"

"मीच सांगितलं."

"मग? काय बोलल्या?"

"लॅबचं काम काढून घेतलं. रिसेप्शनला बसवलंय."

चाचांनी वर बघितलं. "माझ्या रोटीपायी."

"तसं नाही, अब्बा. सापळे मीच लावू दिले नाहीत."

"पीठ माझ्यासाठी चाळत होतीस ना? मग." ते उठले, शेवटचं बटण लावलं आणि टोपी घातली. "चल, उशीर होतोय. अजान व्हायच्या आत पोचायला हवं." वाटेत ते काय बोलणार आहेत हे विचारायचा मुनिबाला धीर झाला नाही. आज बोलू नका असं तिनं म्हटलं होतं खरं, पण मनातून तिला वाटत होतं, त्यांनी ते जुनंच भाषण ठोकून द्यावं. ईद झाली की ते निघून जाणार. कोणाचं काय बिघडणार होतं?

हॉल भरून गेला होता. अजान झाली, खजूर वाटले, सरबतं झाली, बिर्याणीची ताटं फिरली. पडद्याच्या पलीकडे पुरुष, अलीकडे बायका, पण पडदा कमरेएवढाच, त्यामुळे मुनिबाला स्टेज नीट दिसत होतं. मोहिद्दीनभाईंनी चाचांच्या गळ्यात हार घातला, शाल पांघरली आणि माइक हातात दिला. "चाचा, आता ती तांदळाची गोष्ट!" मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या.

चाचा माइक धरून उभे राहिले. मुनिबानं शेजारणीचा हात घट्ट पकडला.

"मी वर्षभर तुम्हाला सांगत आलो," चाचा म्हणाले, "की आपला तांदूळ इथं तीन हजार वर्षांपूर्वी आला. ते खरं नाही. तो तांदूळ माझ्या घरचा आहे. मला पाकिटातलं पीठ चालत नाही म्हणून माझी पोर रोज सकाळी चाळते. तिच्या ओढणीला लागून तो दगडापर्यंत गेला. ती खरं बोलली. तिचं काम गेलं. मी चुकीचं सांगितलं, मला माफ करा."

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी खदखदून हसलं आणि सगळा हॉल हसत सुटला. "वा चाचा! निरोपाच्या दिवशीही मस्करी!" कोणीतरी ओरडलं, "चाचींच्या हातची रोटी असती तर मक्क्यापर्यंत गेली असती!" बायकांकडेही हशा पिकला. मुनिबाला हसणाऱ्या प्रत्येकाचं तोंड धरावंसं वाटत होतं.

चाचा हसणं थांबायची वाट बघत उभे होते. थोडं कमी झाल्यावर ते पुन्हा माइकपाशी वाकले. "मस्करी नाही. खरंच सांगतो. तांदूळ माझा होता." हशा दुप्पट झाला.

मोहिद्दीनभाईंनी प्रेमानं त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. "आमचे चाचा आहेतच असे. पण पोरांनो, लक्षात ठेवा, तीन हजार वर्षं! आपण इथं उपरे नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. मोहिद्दीनभाईंनी चाचांच्या हातात सन्मानचिन्ह दिलं, त्याच्यावर जहाज कोरलं होतं आणि जहाजाखाली भाताच्या लोंब्या. फोटोसाठी माणसांची रांग लागली. चाचा प्रत्येकाशेजारी उभे राहिले, प्रत्येकाला सलाम केला आणि एकदाही हसले नाहीत.

परतताना नबिला मागच्या सीटवर झोपून गेली. चाचा पुढं बसले होते, सन्मानचिन्ह मांडीवर ठेवून. सिग्नल लागला. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यात त्यांचा चेहरा फार थकलेला दिसत होता.

"मी दोनदा सांगितलं गो," ते म्हणाले.

"ऐकलं मी, अब्बा."

"कोणाला नको होतं."

मुनिबानं स्टेअरिंगवरचे हात घट्ट केले. आता बोलली नाही तर ही गोष्ट तिला जन्मभर चावत राहिली असती. "अब्बा, ते ऐकत नव्हते ना... टाळ्या वाजल्या तेव्हा मला बरं वाटलं."

सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, पण तिनं गाडी हलवली नाही.

"मलाही," ते म्हणाले, आणि तोंडावर शाल घेऊन रडायला लागले.